मृतांचा निरीक्षक

‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ हे शब्द तपासणीच्या कागदावरून ज्या घरात शिरतात, त्या घरातला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. हॉजकिन नाही असे लिहिले आहे, म्हणजे काहीतरी वाईट टळले ना? चाळीस वर्षे मी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहण्याचे काम करीत आलो आणि हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची गणती नाही. उत्तर देताना अवघड होते, कारण टळलेले काहीच नसते. लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. त्याची दोन मोठी कुळे मानतात. एक हॉजकिनचे आणि दुसरे उरलेल्या सगळ्यांचे. या दुसऱ्या कुळात डझनावारी रोग आहेत. काही गोगलगायीच्या चालीने वाढणारे, काही थोड्या आठवड्यांत माणसाला अंथरुणाला खिळवणारे. त्या सगळ्यांच्या कपाळी एका माणसाच्या नावाचा नकार लिहिलेला आहे.

हा हॉजकिन कोण होता हे रोग्यांना तर नाहीच, पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसते. वैद्यकाच्या पुस्तकांत माणसांची नावे रोगांना अडकवलेली असतात, खुंटीला अडकवलेल्या टोप्यांसारखी. टोपी दिसते, डोके दिसत नाही. हॉजकिन यांच्या बाबतीत हे अधिकच खटकते. कारण ज्या गुणामुळे त्यांना हा रोग दिसला, त्याच गुणाने त्यांची नोकरी घालवली.

थॉमस हॉजकिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल भागात झाला. आपल्याकडे तेव्हा पेशवाईची अखेरची वीस वर्षे चालू होती. वडील श्रीमंतांच्या मुलांना घरी जाऊन शिकवीत. थॉमस आणि धाकटा भाऊ जॉन यांचे शिक्षणही घरीच झाले. घर क्वेकर पंथाचे होते, आणि ही एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय हॉजकिन समजत नाहीत.

क्वेकर मंडळी ख्रिस्तीच, पण त्यांना पाद्री नको, मूर्ती नको, समारंभ नको. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात देवाचा प्रकाश आहे, ही त्यांची श्रद्धा. मग राजा कोण आणि रंक कोण? म्हणून ते कोणापुढे टोपी काढीत नसत आणि लहानथोर सगळ्यांना सरसकट ‘तू’ म्हणत. ज्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या पायऱ्या आहेत, त्या भाषेच्या माणसांना यातला उद्धटपणाही कळेल आणि त्यातले सत्यही. आपला वारकरी समोर येईल त्याच्या पाया पडतो. क्वेकर कोणाच्याच पाया पडत नाही. दोघे पोचतात एकाच ठिकाणी. हॉजकिन जन्मभर पंथाचा साधा, जुन्या वळणाचा पोशाख घालीत आणि पंथाच्या रीतीने बोलत.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या त्या काळी राजमान्य चर्चच्या अनुयायांनाच मिळत. क्वेकर मुलाला ती दारे बंद. हॉजकिन यांनी आधी औषधे बनवण्याच्या धंद्यात उमेदवारी केली, मग १८१९ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयात विद्यार्थी म्हणून पाऊल टाकले आणि पुढे एडिंबरोला गेले. मधल्या काळात ते पॅरिसला राहिले. तेथे रेने लेनेक नावाच्या वैद्याने लाकडाची एक नळी करून तिच्यातून छातीचे आवाज ऐकण्याची विद्या काढली होती. ती हॉजकिन यांनी शिकून घेतली आणि १८२२ मध्ये गाय्ज रुग्णालयात आणली. आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात दिसणारा स्टेथोस्कोप तो हाच. १८२३ मध्ये ते एडिंबरोचे एम. डी. झाले. प्रबंधाचा विषय होता शरीरातील शोषणाची क्रिया, म्हणजे लसिकावाहिन्या ज्या कामासाठी आहेत तेच काम. पुढच्या आयुष्याचे बीज इथेच पडले म्हणायला हरकत नाही.

शवागारातली दहा वर्षे

थेम्स नदीच्या दक्षिणेला, लंडन ब्रिजजवळ हे गाय्ज रुग्णालय आहे. थॉमस गाय नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने शेअर बाजारात मिळवलेल्या पैशातून ते उभारले. १८२५ मध्ये या रुग्णालयाचे स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय सुरू झाले आणि हॉजकिन यांना तेथे काम मिळाले. त्यांच्या पदाचे नाव ऐकून अंगावर काटा येतो. मृतांचे निरीक्षक. त्याच्या जोडीला विद्यालयाच्या संग्रहालयाची जबाबदारी.

रुग्णालयात कोणी दगावले की शवविच्छेदन करायचे, मृत्यूचे कारण शोधायचे, शिकवण्याजोगा अवयव असेल तर तो मद्यार्काच्या बरणीत घालून त्यावर चिठ्ठी लावायची, असे ते काम. शीतगृह नाही, रबरी हातमोजे नाहीत, आज आम्ही ज्यात ऊती टिकवतो ते फॉर्मॅलिनही नाही. ते वापरात यायला आणखी सत्तर वर्षे लागायची होती. उन्हाळ्यात तो वास कसा असेल याची कल्पना आमच्या धंद्यातल्या माणसाला सहज करता येते. हॉजकिन यांनी हे काम दहा-अकरा वर्षे केले आणि शेकडो शवे तपासली. संग्रहालयाची सूची त्यांनी १८२९ मध्ये छापून काढली.

त्याच इमारतीत रिचर्ड ब्राइट आणि थॉमस ॲडिसन हे दोन मोठे वैद्य होते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे एकाचे आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या विकारामुळे दुसऱ्याचे नाव अजरामर झाले. ते वॉर्डात जिवंत रोगी पाहत. रोगी गेला की हॉजकिन आत पाहत.

आणि त्यांची पाहण्याची तऱ्हा निराळी होती. जोसेफ जॅक्सन लिस्टर नावाचे एक क्वेकर व्यापारी दारूचा धंदा सांभाळून फावल्या वेळात भिंगे घासत. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर सुरू करणारे जोसेफ लिस्टर हे पुढे याच गृहस्थांचे चिरंजीव. वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात असा बदल केला की वस्तूभोवती रंगांची खोटी झालर दिसेनाशी झाली. तोवर सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांना जिथे तिथे गोल गोल कण दिसत आणि सारे शरीर अशा कणांचे बनले आहे असे मोठमोठे लोक सांगत. हॉजकिन आणि लिस्टर यांनी १८२७ मध्ये एकत्र लेख लिहून दाखवून दिले की हे कण शरीरात नाहीत, वाईट भिंगात आहेत. रक्तातली तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असलेल्या चकतीसारखी असते, हेही त्यांनी नोंदवले. आपण जे पाहतो त्यातले खरे किती आणि चष्म्याचे किती, हा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला.

गंडमाळ नव्हे

१० जानेवारी १८३२ रोजी लंडनच्या वैद्यकीय सभेत त्यांचा एक लेख वाचला गेला. हॉजकिन स्वतः सभेचे सदस्य नव्हते, म्हणून तिच्या चिटणिसाने तो वाचला. लेखात सात रोग्यांची हकिगत होती. पहिला होता नऊ वर्षांचा एक मुलगा. सातवा तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. रॉबर्ट कार्सवेल या चित्रकार-वैद्याने शवविच्छेदनाच्या वेळी काढलेल्या रंगीत चित्रावरून तो घेतला होता. साती जणांच्या लसिकाग्रंथी सुजून एकीला एक लागून माळेसारख्या झाल्या होत्या आणि बहुतेकांची पाणथरीही वाढली होती.

आता गळ्यात गाठींची माळ म्हटले की आपल्या आजीच्या तोंडी कोणता शब्द येई? गंडमाळ. युरोपातही तेच होते. गळ्याला, काखेला गाठी आल्या की ती गंडमाळ, म्हणजे क्षयाचा प्रकार, असे धरून चालत. हॉजकिन यांनी गाठी कापून पाहिल्या. आत क्षयात असते तसे दह्यासारखे विरजण नव्हते, पू नव्हता, जवळपास अशी जखमही नव्हती की जिच्यामुळे ग्रंथी सुजाव्यात. त्यांनी लिहिले ते एवढेच की हा विकार ग्रंथींत मुळातूनच उपजलेला दिसतो, दुसऱ्या कशाचा परिणाम म्हणून नव्हे. या रोगाला त्यांनी नाव दिले नाही. उलट दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इटलीच्या माल्पिगी यांनी असेच काही पाहिले असावे, हे आवर्जून सांगितले. उपचार आपल्याला माहीत नाही हेही लपवले नाही. सभेने लेख ऐकला आणि तो विसरून गेली.

हे सगळे आज वाचताना मला तो लेख जुना वाटत नाही. कारण आमच्याकडे अजूनही गळ्याची गाठ आली की पहिला संशय क्षयाचा. तो चूक नाही, या देशात क्षय आहेच. पण गाठीचा तुकडा न तपासता महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात, तेव्हा त्या संशयाचेच आंधळेपण होते. आणि गळ्याची गाठ निदान हाताला तरी लागते. लिम्फोमा जिथे हाताला लागत नाही अशा दोन जागा शरीरात आहेत. एक डोळ्याचा आतला भाग आणि दुसरी मेंदू.

गंमत अशी की या दोन्ही ठिकाणी लसिकाग्रंथी नाहीतच. शरीराची संरक्षक फौज येथे मोकळेपणी फिरत नाही, कारण या अवयवांना दाह सोसत नाही. नेमक्या या आडोशाला काही बिघडलेल्या लसिकापेशी ठाण मांडतात. प्रकार विरळा आहे आणि तो बहुतेक वेळा नॉन-हॉजकिन कुळातला, मोठ्या ‘बी’ पेशींचा असतो. रोगी सहसा पन्नाशी-साठी ओलांडलेला. डोळ्यांपुढे माश्या उडताहेत, जाळी आली आहे, धूसर दिसते, एवढीच तक्रार. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. तपासणाऱ्याला आतल्या काचेसारख्या गरात पेशी तरंगताना दिसतात आणि ते डोळ्याच्या आतल्या सुजेसारखे वाटते. सुजेवर स्टेरॉइड देतात. दृष्टी सुधारते. घरात पेढे वाटले जातात. मग औषध कमी केले की माश्या पुन्हा उडू लागतात.

माझ्याकडे अशा एका निवृत्त शिक्षिकेच्या डोळ्यातला नमुना तीनदा आला. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाई. दीड वर्ष त्यांच्यावर सुजेचे उपचार झाले, मध्ये काही महिने क्षयाच्या गोळ्याही झाल्या. पहिल्या दोन्ही वेळी काचपट्टीवर निदानाला पुरेल असे काही नव्हते, कारण स्टेरॉइड चालू होते. या औषधाची अडचण हीच आहे. लिम्फोमाच्या पेशी त्याने विरघळतात, पण रोग जात नाही. चोराला पकडण्याऐवजी त्याच्या पावलांचे ठसे तेवढे पुसले जातात. मेंदूतली गाठ तर कधीकधी छायाचित्रातून नाहीशी होते आणि काही आठवड्यांनी परत येते. दुसऱ्या अहवालात मी तसे लिहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी धीर धरून औषध हळूहळू बंद केले, काही आठवडे थांबले आणि सुईएवढ्या उपकरणाने डोळ्यातला गर पुन्हा काढला. नमुना धावतपळत आणावा लागतो, कारण या पेशी फार नाजूक असतात. तिसऱ्या वेळी पट्टीवर त्या दिसल्या. मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकाच्या, थोड्याच, पण निःसंशय.

आज याला जोड म्हणून आणखी चाचण्या आहेत. डोळ्यातल्या पाण्यात दोन रासायनिक निरोप्यांचे एकमेकांशी प्रमाण पाहतात. त्यातला एक खूप चढलेला असला की लिम्फोमाचा संशय बळावतो, दुसरा चढलेला असला की साध्या सुजेचा. पेशींच्या जनुकात ‘मायडी ८८’ नावाच्या जागी ठरावीक बदल सापडला तर निदान अधिक पक्के होते. बाईंच्या मेंदूचे एमआरआय लगेच झाले, कारण डोळ्यात हा रोग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत तो पुढेमागे मेंदूत उतरतो. तेथेही एक लहानसा डाग होता. शिरेवाटे मेथोट्रेक्सेटचे मोठे डोस सुरू झाले. ज्या संशोधनातून हे औषध जन्मले त्याचे नेतृत्व अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या शास्त्रज्ञाने केले होते, हे मी बाईंच्या मुलाला सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडे हसू आले. पुढची काही वर्षे बाई वर्तमानपत्र स्वतः वाचत होत्या. याला बरे होणे म्हणावे का, हे मला ठरवता येत नाही. पण ती वर्षे त्यांना मिळाली ती तिसऱ्या नमुन्यामुळे.

साधा कोट, वाकडा प्रश्न

हॉजकिन यांनी शवागारात जे केले तेच शवागाराबाहेरही केले, आणि तेथे ते खपले नाही.

तरुणपणापासून त्यांना एक प्रश्न छळत होता. इंग्रज व्यापारी जिथे जिथे जातात तिथल्या मूळ रहिवाशांचे काय होते? कॅनडात हडसन बे कंपनी केसाळ कातड्यांचा व्यापार करी. त्या व्यापारात दारू होती, कर्ज होते, रोगराई होती आणि तिथल्या जमातींची वाताहत होती. हॉजकिन यांनी माहिती गोळा केली, पत्रे लिहिली आणि कंपनीच्या कारभारावर बोट ठेवले. या कंपनीच्या संचालक मंडळात एक बडे गृहस्थ होते, बेंजामिन हॅरिसन. हेच हॅरिसन गाय्ज रुग्णालयाचे खजिनदार होते, आणि खजिनदार म्हणजे तेथील सर्वेसर्वा. तेथील नेमणुका त्यांच्या हातात असत.

१८३७ मध्ये सहायक वैद्याची जागा रिकामी झाली. अकरा-बारा वर्षे मृतांची सेवा केलेल्या माणसाला जिवंतांच्या वॉर्डात जाण्याची ही संधी होती. ब्राइट आणि ॲडिसन यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जाई, त्याची निवड होणार असेच पुष्कळांना वाटत होते. जागा बेंजामिन बॅबिंग्टन यांना मिळाली. बॅबिंग्टन नालायक नव्हते, तेही गुणी वैद्य होते. नकाराला कारणे अनेक असतील. हॉजकिन यांचे सुधारकी विचार, धर्माची अट नसलेल्या नव्या लंडन विद्यापीठाला त्यांचा पाठिंबा, त्यांचा तो पोशाख, वरिष्ठांपुढे न वाकणारी मान. पण कॅनडातल्या माणसांची बाजू घेतली नसती तर हे घडले असते का, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि चरित्रकार आजही विचारतात. हॉजकिन यांनी गाय्ज रुग्णालयाचा राजीनामा दिला. वय होते एकोणचाळीस.

त्याच वर्षी त्यांनी मित्रांबरोबर मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. साऱ्या मानवांचे रक्त एक, अशा अर्थाचे तिचे ब्रीद होते. शवविच्छेदनाच्या टेबलावर ज्याने शेकडो माणसे आतून पाहिली, त्याच्या तोंडी हे ब्रीद नुसते पुस्तकी नव्हते. म्हणून त्यांचे सारेच निर्णय बिनचूक होते असे नाही. गुलामीतून सुटलेल्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांना आफ्रिकेत वसवावे, या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. ज्यांनी अमेरिकेत जन्म घेतला त्यांनी देश का सोडावा, असे विचारीत गुलामीविरोधी चळवळीतल्या सोबत्यांनीच त्यांच्यावर टीका केली. ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.

१८४२ मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी थोडा काळ अध्यापन केले, पण ते टिकले नाही. रोगशास्त्रातले त्यांचे काम जवळजवळ संपले. खासगी वैद्यकी त्यांना जमली नाही, कारण पैसे मागणे जमत नव्हते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एका धनिकाच्या उशाशी ते रात्रभर बसले. सकाळी त्याने रक्कम न लिहिलेला चेक पुढे केला. हॉजकिन यांनी दहा पौंडांचा आकडा घातला. याहून जास्त देण्याची ऐपत तुमच्याकडे पाहून वाटत नाही, असे कारणही सांगितले, आणि धनिक दुखावला. खरे खोटे कोण जाणे, पण त्यांच्या स्वभावाला ही गोष्ट शोभते.

संसाराचेही असेच झाले. नात्यातल्या सेरा नावाच्या बहिणीवर त्यांचे प्रेम होते. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न म्हणजे घरचाच सोयरा, पण क्वेकर पंथाला इतक्या जवळच्या नात्यात लग्न मंजूर नव्हते. तिचे दुसरीकडे लग्न झाले. पुढे ती विधवा झाली तेव्हा त्यांनी पंथाच्या पुढाऱ्यांना पुन्हा विनंती केली. नियम बदलला नाही. पंथ सोडून लग्न करण्याचा मार्ग मोकळा होता, पण ते त्या मार्गाने गेले नाहीत. १८५० मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी एका विधवेशी विवाह केला आणि तिच्या मुलांना आपले मानले.

जाफा

तरुणपणी हॉजकिन एका आजारी ज्यू गृहस्थाचे वैद्य म्हणून प्रवासाला गेले होते. तेव्हा त्याचे भाऊ सर मोझेस माँटेफिओरी यांच्याशी ओळख झाली आणि ती चाळीस वर्षे टिकली. माँटेफिओरी लक्षाधीश होते. कुठे ज्यूंवर अन्याय झाल्याचे कळले की ते स्वतः तेथे जाऊन धडकत. सोबत वैद्य म्हणून आणि मित्र म्हणून हॉजकिन. १८६३-६४ मध्ये दोघे याच कामासाठी मोरोक्कोला गेले. १८६६ मध्ये पॅलेस्टाइनला निघाले. तेथे टोळधाड आणि पटकी यांनी लोक हैराण झाले होते. जाफा बंदरात हॉजकिन यांना हगवण लागली. माँटेफिओरींना पुढे जेरुसलेमला जाणे भाग होते. एप्रिल १८६६ मध्ये, घरापासून दूर, हॉजकिन गेले. मित्राने त्यांच्या थडग्यावर दगडी स्तंभ उभारला. मनुष्याचे जे जे काही आहे त्यातले काहीच या माणसाला परके वाटले नाही, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरलेले आहेत.

त्यांच्या मृत्यूच्या एकच वर्ष आधी लंडनमध्ये एक न्यायाची गोष्ट घडली होती. गाय्ज रुग्णालयातच सॅम्युएल विल्क्स नावाचे तरुण वैद्य ग्रंथी आणि पाणथरी यांचा हाच विकार अभ्यासत होते. १८५६ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि आपण काहीतरी नवे शोधले असे त्यांना वाटले. पण ब्राइट यांच्या लेखनातल्या एका उल्लेखावरून माग काढता काढता ते १८३२ च्या त्या विसरलेल्या लेखापाशी पोचले. मुकाट राहिले असते तर या रोगाला आज विल्क्स यांचे नाव असते. पण १८६५ मध्ये त्यांनी दुसरा लेख लिहिला आणि रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. विद्येच्या जगात असा मनाचा मोठेपणा रोज पाहायला मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडावर ऑस्ट्रियात कार्ल स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ मध्ये अमेरिकेत डोरोथी रीड या तरुणीने या रोगातल्या राक्षसी पेशींचे नेमके वर्णन केले. घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके असलेली ती पेशी दिसली की हॉजकिनचा रोग, ही खूण तेव्हापासून पक्की झाली. मग प्रश्न आला, हॉजकिन यांचे ते सात जण? त्यांना खरोखर हाच रोग होता का?

याचे उत्तर देता आले, कारण हॉजकिन यांनी बरण्या ठेवल्या होत्या. संग्रहालयात त्यांच्या रोग्यांतल्या तिघांचे अवयव तसेच होते. १९२६ मध्ये, म्हणजे लेखानंतर चौऱ्याण्णव वर्षांनी, हर्बर्ट फॉक्स यांनी त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोघांत हॉजकिनचाच रोग निघाला. तिसऱ्यात नव्हता. त्याला आजच्या भाषेत नॉन-हॉजकिन लिम्फोमा म्हणावे लागेल. म्हणजे ज्या कुळाच्या नावात हॉजकिन यांचा नकार आहे, त्याचाही एक रोगी त्यांनी स्वतः उघडून, नोंदवून, जपून ठेवला होता. पुढच्या माणसाने आपल्याला तपासावे आणि गरज पडली तर खोडून काढावे, एवढी सोय त्यांनी करून ठेवली.

मला हॉजकिन मोठे वाटतात ते यासाठी. नाव मागे उरले ते विल्क्स यांच्या कृपेने. त्यांनी स्वतः मागे ठेवले ते पाहिलेल्या गोष्टीचे साधन. डोळ्याच्या किंवा मेंदूच्या लिम्फोमाचे निदान आज अडते ते यंत्रांवाचून कमी आणि पाहण्याची संधी हुकल्याने जास्त. म्हणून घरच्या माणसांनी दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर आमचे काम सोपे होईल. पन्नाशीनंतर डोळ्याच्या आतली सूज पुन्हापुन्हा उलटत असेल, तर नमुना तपासायचा का, हे डॉक्टरांना विचारावे. मेंदूत गाठ दिसली आणि ती लिम्फोमाची असू शकेल असे म्हटले गेले, तर स्टेरॉइड तुकडा काढण्याआधी द्यायचे की नंतर, हेही विचारावे. रोग्याचा जीव धोक्यात असेल तर थांबता येत नाही, ते द्यावेच लागते, आणि चालू असलेले औषध आपल्या मनाने बंद करणे तर घातकच. पण विचारायला कोणाची ना नसते.

दुसरी गोष्ट अगदीच घरगुती आहे. तपासणीनंतर मेणाचा लहानसा ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागितल्यास परत मिळतात. त्या मेणात तुमच्या माणसाचा तुकडा असतो. तो औषधांच्या रिकाम्या खोक्यांबरोबर टाकून देऊ नका. कपाटात, उन्हापासून दूर, नाव आणि तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरला कधी तो पाहावासा वाटेल, दहा वर्षांनी नवी चाचणी निघेल. कोणी तरी तो पुन्हा भिंगाखाली धरील.